खालच्या मजल्यावरचा चोर

—नाही नाही, चोरच होता. त्या दिवशी सार्जंटला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते, उद्या सुनावणीत तेच सांगेन, बिशपसमोर उभं केलंत तरी तेच. चोर. उंच, मिशीवाला, डावा डोळा अधू. आत या ना, उंबऱ्यात काय उभे राहिलात, सगळी ऊब बाहेर चाललीय. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या. बाहीला पीठ लागेल, जरा सांभाळून. आणि मी हात थांबवणार नाही हं, आधीच सांगते—शुक्रवारी चर्चमध्ये पिरोगीची विक्री, उपवासाचे दिवस, मांस कोणी खात नाही, सगळं गाव बटाट्याच्या सारणावर तुटून पडतं. पारी लाटायची, सारण भरायचं, काठ असा चिमटीत धरून दाबायचा—बघा—असा. स्टेला मॅच्युलिसच्या पिरोग्या पाण्यात टाकल्या की तोंड उघडतात. माझ्या नाही उघडत. आता मी आणि स्टेला दोघीही बोलायला लागलो की तोंड मिटत नाही ती गोष्ट वेगळी, पण मी पिरोगीबद्दल बोलतेय.

तर तुम्ही नगर कचेरीतले नवे. कुठले म्हणालात? फिलाडेल्फियाकडचे? असू द्या, त्यात तुमचा काय दोष. गाडी कुठे लावलीत? चर्चच्या आवारात? शहाणे आहात. समोर लावली असतीत तर मी काही बोलले नसते, पण समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्यानं बोनेटवर बर्फाची बादली ओतली असती. का म्हणजे? अहो, ती खुर्ची दिसली ना रस्त्यात, पिवळ्या गादीची? ती माझी. म्हणजे जागा माझी. तुमच्याकडे नसते ही पद्धत? इथे बर्फ पडला की ज्यानं फावड्यानं ओढून जागा मोकळी केली, त्यानं तिथे खुर्ची ठेवायची, आणि ती खुर्ची हलवायला या शेफर्स पॅच गावात अजून कोणी जन्मला नाही. जन्मला होता एक, पण त्याच्याबद्दल मी बोलणार नाही. मी दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसत नाही. वरच्या मजल्यावर काय चालतं ते मला काय माहीत? छत आहे ना मध्ये. पातळ आहे, पण आहे.

तुम्हाला काय हवंय ते कळलंय मला. नगर कचेरीचा नियम—एकाच घरी पोलिसांना तीनदा यावं लागलं की भाडेकरू उपद्रवी, घरमालकानं त्याला बाहेर काढायचा, नाहीतर मालकालाच दंड. आणि वरच्या रोक्सानच्या नावावर दोन वेळा आधीच लागल्यात, आणि हा तिसरा माझा चोर, आणि आमच्या घराला आकडा एकच, वर ती आणि खाली मी. म्हणून तुम्ही विचारायला आलात की बर्नडीन सिंकॅव्हेज बाई, चोर खरंच तुमच्याकडे शिरला होता, की वरच्या दारातल्या गोंधळासाठी पोलीस बोलावले? तर लिहा, माझ्याकडे शिरला होता. वरच्या मजल्याचा काडीचा संबंध नाही. झालं. बिचारी सुटली. कॉफी घेता?

का बरं असे बघताय? दूध नाही घालत? बरं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला तिचा एवढा पुळका का? पुळका नाहीये. कोबीच्या पानात भात भरून मी हालुपकी करते, तिला ती नावं ठेवते. तोंडावर ठेवते. म्हणते भात कच्चा राहतो. पण घाबरट आहे हो, फार घाबरट. पहिल्यांदा तिनं स्वतः पोलिसांना बोलावलं आणि ते दारात आल्यावर काय सांगितलं? ‘मी पडले.’ ओठ असा सुजलेला, आणि म्हणे पडले. दुसऱ्यांदा काय? ‘कपाट पडलं.’ अहो ते कपाट! ते वर चढवायला माझा नवरा लिओ आणि त्याचे तीन भाऊ लागले होते, लिओची कंबर त्या दिवसापासून गेली ती थडग्यात जाईपर्यंत आली नाही, ते कपाट भूकंपानं पडणार नाही. अजून तिथंच आहे, जाऊन बघा. आणि तिचा नवरा, रस नाव त्याचं, मागे उभा, एवढा धिप्पाड, हातात टोपी घेऊन, पोलिसांना ‘सर’ म्हणतोय. मग सार्जंट शिमकस जाताना जिन्यात तिला हळूच म्हणाला—वाईट माणूस नाही तो, माझ्या चुलतबहिणीचा मुलगा—म्हणाला, ‘रोक्सान, आणखी एकदा बोलावलंस तर घर जाईल तुझं, मी काही करू शकणार नाही.’ त्यानं चांगल्या मनानं सांगितलं. पण त्यानंतर तिनं फोनला हात लावला नाही. नवऱ्याला घराबाहेर काढला तिनं, तेवढा धीर केला, पण तो काय, येतच राहिला. आणि ही आपली दार आतून दाबून धरायची, ओठ घट्ट, आवाज नाही. आवाज झाला की शेजारी पोलीस बोलावतील, पोलीस आले की घर जाईल, म्हणून मुकाट्यानं. हे मला कसं कळलं? छत पातळ आहे म्हटलं ना.

तर मी त्यात पडले नाही. मी फक्त खुर्चीबद्दल बोलले.

आता हे ऐका, हे ऐकण्यासारखं आहे. मागल्या हिवाळ्यात बर्फ पडला, एवढा पडला की आमच्या गल्लीतला कुत्रा तीन दिवस पहिल्या मजल्याच्या खिडकीतून फिरायला जात होता—हसू नका, विचारा कोणालाही—आणि मी सकाळभर फावडं मारून जागा केली आणि खुर्ची ठेवली. आणि हा रस आपला ट्रक घेऊन आला, खाली उतरला, आणि माझी खुर्ची उचलून बर्फाच्या ढिगावर भिरकावली. भिरकावली! मी फोन लावला. म्हटलं, शिमकस, माझी खुर्ची. बाईचा ओठ फुटला तेव्हा ते डोनट संपवून आले होते, साहेब, मी घड्याळ नाही बघितलं पण साखर दिसत होती मिशीला. खुर्चीसाठी? दोन गाड्या. दिवे लावून. वर अग्निशमनची एक, कारण त्यांच्या बिंगोच्या रात्री मी पिरोग्या देते. सगळी गल्ली बाहेर. म्हातारे झग्यावर कोट घालून बाहेर. कित्येक महिने त्या माणसाला जिना चढताना सगळ्यांनी बघितलं होतं, कोणी हूं की चूं केलं नाही, आणि आता ‘खुर्चीला हात लावतोस? लाज नाही वाटत?’ आईशप्पथ, मला वाटलं त्याला मारतात. त्यानं ट्रक काढला आणि पळाला. वर गेलाच नाही.

आणि मी तिथे फावडं घेऊन उभी, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रस्ता कोणाचा? गावाचा. खुर्चीचा फोन कोणत्या घराच्या नावावर लागतो? कोणत्याच नाही!

मग काय. त्याचा ट्रक वळणावर दिसला रे दिसला की माझी खुर्ची चोरीला. ‘शिमकस, खुर्ची.’ ‘शिमकस, खुर्ची रे बाबा.’ पोलीस येणार, रस्त्यात उभे राहणार, हा ट्रकमध्ये बसून स्टीअरिंगला बोटं वाजवणार आणि निघून जाणार. समोरच्या म्हाताऱ्यानं न्हाव्याची खुर्ची आणून ठेवली. कोपऱ्यावरच्या बाईनं आईची, ती—भोक असलेली, आजारी माणसाची. एकदा तर गल्लीत इतक्या खुर्च्या झाल्या की पोलिसांनाच गाडी लावायला जागा नाही, ते दोन गल्ल्या सोडून चालत आले. एप्रिल आला, बर्फ वितळला, ट्युलिप वर आले, तरी माझी खुर्ची रस्त्यात. पोलिसांच्या फोनवरची पोरगी म्हणाली, ‘बर्नडीन काकू, आता बर्फ कुठे आहे?’ मी म्हटलं, खुर्चीला बर्फ लागतो असं कुठे लिहिलंय? तिनं गाडी पाठवली. हुशार पोरगी, तिला कळलं होतं. जुलैत तर तिनं मला विचारायचंच सोडलं, फोन उचलून म्हणायची, ‘खुर्ची?’ मी म्हणायचे, ‘खुर्ची.’ की पाठवलीच गाडी.

मी गोष्टी सांगत सुटले. तुम्हाला चोर हवा होता.

तर चोर. दोन आठवड्यांपूर्वी, दुपारची वेळ, मी इथंच कांदे परतत होते. आता बघा, तो मागच्या गल्लीतून आला. पायी. ट्रक नाही, काही नाही. मागच्या जिन्याला खुर्ची कुठे ठेवणार? मी पावलं ऐकली आणि ओळखली, जड टाच, उजवा पाय जरा ओढतो—तर म्हटलं आता काय सांगू? वरचं नाव घेतलं की तिसरी वेळ. म्हणून मी फोन उचलला आणि म्हटलं चोर, माझ्या स्वयंपाकघरात चोर, पुढचं दार अडलंय, मागच्या जिन्यानं या. आणि तोवर रस वरच्या दाराशी पोचून—

चोर. चोर म्हणायचं होतं मला. चोर वरच्या दाराशी पोचून. म्हणजे आधी माझ्याकडे शिरला, मग घाबरून वर गेला. उजवा डोळा अधू.

डावा म्हणाले होते? समोरून बघितलं तर डावा.

असं पेन खाली ठेवून बघू नका हो माझ्याकडे. कॉफी निवतेय.

तुम्हाला ऐकायचंय ना त्यांना वर कोण सापडलं? रस सापडला. दाराच्या चौकटीला खांदा लावून उभा. आणि शिमकस म्हणाला, ‘तू इथे काय करतोस?’ आणि त्या बदमाशानं, त्या लोण्यासारख्या जिभेच्या माणसानं, एका क्षणात काय सांगावं? ‘खाली चोर शिरला असं ऐकलं, सर, म्हणून बायकोच्या काळजीनं धावत आलो.’ माझा चोर! माझाच चोर घेऊन त्यानं स्वतःला वाचवलं! शिमकसनं माझ्याकडे बघितलं, बाजारात मासा ताजा आहे की नाही बघतात तसं बघितलं, आणि विचारलं, ‘बर्नडीन, चोर होता?’ आता मी काय म्हणणार? दारात रोक्सान उभी, पांढरीफटक, मान हलवतेय माझ्याकडे बघून—नाही, नाही, त्याचं नाव नको. मी म्हटलं, होता. मिशीवाला. आणि त्यानं लिहून घेतलं.

आणि गावाचं वर्तमानपत्र बघितलंत? ‘चोराचा पाठलाग करणारा धाडसी पती.’ फोटोसकट. दुकानात लोक त्याला टाळ्या देतायत. आणि स्टेला! स्टेलानं तर त्याच रात्री चोर पाहिला. तिच्या तळघरातून त्यानं हॅम नेला म्हणे, ईस्टरसाठी राखलेला. मिशी तिनं आणखी लांब केली, वर टोकाला पीळ दिला. मग तिच्या जावेनं पाहिला. मग चर्चमधल्या ऑर्गनवाल्यानं, आणि त्याला चष्म्याशिवाय ऑर्गन दिसत नाही. लोहारी सामानाच्या दुकानातल्या सगळ्या कड्या संपल्या. फादरनी रविवारच्या प्रवचनात ‘आपल्यामध्ये वावरणारा तो एकाक्ष पापी’ म्हटलं आणि अख्ख्या बाकड्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, कारण मी त्याला सगळ्यात आधी बघितलं होतं. खरं सांगते, जरा बरं वाटलं. काल स्टेला मला म्हणाली, ‘तुझ्या चोराला एवढी मिशी कुठे होती, माझ्या चोराला बघ.’ पारी लाटता लाटता भांडलो आम्ही, कोणाचा चोर मोठा.

काय म्हणालात? परत सांगा. हात थांबवले मी, सांगा.

राज्याचा कायदा. हं. मारहाण सोसणाऱ्या भाडेकरणीनं मदतीसाठी पोलीस बोलावले, तिनं किंवा तिच्यासाठी कोणीही, तर ती वेळ मोजायची नाही. त्यावरून तिला बाहेर काढता येत नाही. आणि मागितलं तर कुलूप बदलून मिळेल, आणि न्यायाधीशानं सांगितलं तर घर तिच्याकडेच. थांबा. मोजायचीच नाही? म्हणजे ती पहिली आणि दुसरी पण? मग भांडण कशाचं? तो नियम कचेरीच्या भिंतीवर लावून ठेवलाय तुम्ही, काचेच्या चौकटीत, त्याच्याखाली हा कायदा का नाही लावला? भिंत कमी पडली? नाही, तुम्हाला नाही म्हणत, तुम्ही नवे. पण तुम्हाला नाही तर कोणाला म्हणू, तुम्हीच बसलात समोर.

हं. पण तसं तुमच्या कागदात काहीच नाही.

नाही ना. पहिल्या वेळी ती पडली. दुसऱ्या वेळी कपाट पडलं. तिसऱ्या वेळी चोर. रस कुठेच नाही. तीन वेळा पोलीस आले आणि ज्या माणसामुळे आले तो कागदात एकदाच आहे, तोही चोर पकडायला धावलेला. देवा रे. आणि ती उद्या उभी राहून म्हणाली की तो मारायचा, तर समोरचा वकील वर्तमानपत्र काढणार.

आणि घराचा आकडा एकच म्हणून चोराची वेळही तिच्या माथी, कागदात मारहाण नाही म्हणून कायदा लागू नाही—म्हणजे आज जर मी म्हटलं चोर होता, तर ती घराबाहेर. चोर नव्हता म्हटलं तर ती घरात. मी तर उलटं समजत होते. मी तिला वाचवायला आणला होता तो.

बरं, मग मला काय? नाही, सांगा, मऊ करून सांगू नका. खोटी खबर. पोलिसांना खोटी खबर दिली म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर. म्हणजे मी. आणि खुर्चीचे फोन? तेही मी आत्ताच सगळे—बर्फापासून जुलैपर्यंत—माझ्या तोंडानं—तुमच्यासमोर बसून. लिओ म्हणायचा, बर्नडीन, तुला तुरुंगात टाकायला पोलीस लागणार नाहीत, नुसती एक कॉफी पुरे.

तिच्यासाठी मागितलेली मदत तर मोजत नाहीत म्हणालात. मग ही नव्हे का मदत? चोर म्हणून मागितली एवढंच. ते मॅजिस्ट्रेट ठरवणार. बरं. ठरवू दे. त्याची आई मला ओळखते.

पण चर्चमध्ये काय होईल ठाऊक आहे? शुक्रवारी टेबलाशी सगळ्या बायका, आणि मी आत शिरणार. चोर नव्हताच. मग स्टेलाचा हॅम कोणी नेला? ऑर्गनवाल्यानं काय पाहिलं? फादर कोणावर बोलले? अख्खं गाव खोटं पडतं हो माझ्यापायी, प्रत्येक जण आपापल्या तळघरात एक चोर घेऊन बसलाय. मला टेबलाच्या टोकाला बसवतील, भांडी धुवायला. तीस वर्षं काठ दाबतेय मी तिथे. स्टेला माझ्या जागी बसेल, आणि तिच्या पिरोग्या फुटतात हो पाण्यात, लोकांना नुसतं बटाट्याचं पाणी मिळेल.

...

ऐकलंत? वर. खुर्ची सरकवली तिनं. आता खिडकीशी जाईल. मग दाराशी. कडी बघेल. मग परत खिडकीशी. दिवसभर हेच चालतं, मी कांदे परततानासुद्धा ऐकते. आज सकाळपासून खोकी ओढतेय, सामान भरतेय म्हणजे. उद्या घालवणारच आहेत असं धरून चाललीय. आणि जाणार कुठे? आईकडे जागा नाही, बहिणीच्या घराला कडी नाही. आणि जिथे जाईल तिथे मागच्या जिन्याखाली कोणी राहत असेल का, कांदे परतत?

घ्या पेन. घ्या म्हणते ना. लिहा. मी, बर्नडीन सिंकॅव्हेज, खालचा मजला. चोर नव्हता. मिशी नव्हती, डोळा नव्हता, काही नव्हतं. रस होता. मी त्याची पावलं ओळखली, त्यानं दाराला धडका दिल्या त्या मी मोजल्या नाहीत पण ऐकल्या, आणि ती आत म्हणत होती, ‘हळू, हळू, खाली ऐकू जाईल.’ हे शब्द तसेच लिहा. खाली ऐकू जाईल. आणि खाली ऐकू गेलं. आणि त्या आधीही ऐकू आलं होतं, ज्या दिवशी ती ‘पडली’ त्या दिवशी, आणि कपाट जागचं हललं नाही हेही लिहा, लिओच्या कंबरेची शपथ घालून लिहा. उद्या मी येते सुनावणीला, चांगला कोट घालून. रसच्या डोळ्यांत बघून सांगते. शिमकसलाही बसवा तिथे, त्याला सगळं ठाऊक आहे, त्याला फक्त कोणीतरी तोंडानं सांगायला हवं होतं.

द्या, कुठे करू सही? पीठ लागलं कागदाला. राहू दे.

आता उठा. पाणी उकळलंय, माझं काम पडलंय. वर जाऊन तिला सांगा की खोकी उघड. पण माझं नाव घेऊ नका. घेऊ नका म्हणजे नका, तिला कोणाचं देणं आवडत नाही, ती लगेच माझ्यासाठी केक करेल आणि तिचा केक, साहेब, तो खाण्यापेक्षा मॅजिस्ट्रेट बरा. सांगा, कायद्यानं केलं. एवढंच. उद्या कळेल ते उद्या.

इकडून नाही, पुढच्या दारानं जा. पुढच्या जिन्यावर पावलं आली की ती घाबरत नाही, खुर्च्या लागल्यापासून तो पुढून येत नाही. आणि दार हळू लावा. नाही, हळू म्हणजे असं नाही, मूठ फिरवून, धरून, आवाज न करता. दार आपटलं की ती अजून—

हं. असं. जा.